स्टेप दहा

४ फेब्रुवारी २००१, रविवार, सकाळ

आजपासून रोजनिशी. याआधी दोनदा सुरू केली होती. एक नांदेडच्या रूमवरच राहिली, दुसरीच्या मधल्या पानांवर क्रिकेटचे स्कोअर आहेत. आता तसं होणार नाही. तेविसाव्या वर्षी माणूस ठरवतो म्हणजे ठरवतो.

सध्या मुक्काम लातूर. जिलानीचाचांच्या टेलरिंग दुकानामागची खोली. आतापर्यंतचा अनुभव: बीएस्सी फर्स्ट इयर (दोन वेळा, म्हणजे पाया पक्का), हैदराबादला फरशीच्या दुकानात चार महिने, पुण्यात सहा आठवडे, नांदेडला कॉम्प्युटरचा कोर्स. कोर्स तीन महिन्यांचा होता. मी दीड महिन्यात उरकला. उरलेला भाग माझ्या उपयोगाचा नव्हता.

देवणीला आप्पांना पत्र लिहायचं: रेवणसिद्ध कॉम्प्युटर लाइनला लागला. लाइनला लागल्यावर लिहीन.

११ फेब्रुवारी

गुजरातच्या भूकंपाचे फोटो पेपरात अजून येऊन राहिले. रजियाचाची पेपर उलटा ठेवतात. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांच्या माहेरची भिंत त्यांच्या धाकट्या भावावर पडली. तेव्हापासून चाची अंगणात झोपतात. पावसाळ्यात दाराशी, अर्ध्या आत.

त्यांची पोरगी जेबा अकरावीत आहे. हुशार. डॉक्टर व्हायचंय. बारावीच्या व्हेकेशन बॅचला अचूक क्लासेसला जायचंय, आणि क्लास दुसऱ्या मजल्यावर. चाची म्हणाल्या, स्लॅबखाली माझी पोर बसनार न्हाई. चाचा म्हणाले, अगं पूरा लातूर स्लॅबखाली बसून राहिला. चाची म्हणाल्या, पूरा लातूर माझ्या पोटचा न्हाई.

जेबा ताट उचलून गेली. मला फार वाईट वाटलं. या घरासाठी काहीतरी करायचंच.

(संध्याकाळी चौकात कॅरमची मॅच होती. फायनलपर्यंत थांबावं लागलं.)

१९ फेब्रुवारी

आज नशीब उघडलं. अचूक क्लासेसचे शेषेराव सर सफारीचं माप द्यायला आले होते. फिजिक्सचं मोठं नाव. म्हणाले, पालक विचारून राहिले, भूकंप झाला तर पोरं खाली कशी येणार. इंजिनिअरचा दाखला लावलाय भिंतीवर, पण दाखला काय, सगळ्यांच्याच भिंतीवर असतो.

मी मधे बोललो. सर, कॉम्प्युटरवर भूकंप करून बघता येतो. सिम्युलेशन म्हणतात. पोरं, जिना, दार, सगळं आत घालायचं, घड्याळ सुरू करायचं, शेवटचं पोरगं बाहेर यायला किती सेकंद लागले ते कॉम्प्युटर सांगतो.

हा शब्द नांदेडला शेजारच्या बॅचच्या फळ्यावर वाचला होता.

सर गर्रकन माझ्याकडं वळले. चाचा म्हणाले, सर, हिलू नका, शोल्डर बिघडून राहिला.

उद्यापासून क्लासच्या ऑफिसातला कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. खुर्ची फिरणारी आहे.

२६ फेब्रुवारी

आठवडा खुर्चीची सवय होण्यात गेला. आज मात्र दणक्यात काम.

सकाळी चाचांना घेऊन जिना मोजला. त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि जिन्याला माप घ्यावं तसं माप घेतलं, पायरी, वळण, कठडा. रुंदी तीन फूट. एका टप्प्याला दहा पायऱ्या, एका मजल्याला दोन टप्पे, दोन मजल्यांचे चार. चाचांनी कागदावर लिहिलं, एका वक्ताला दीड पोरगं. मी म्हटलं, दीड पोरगं कॉम्प्युटरला चालत नाही. चाचा म्हणाले, आम्ही कपड्यात मार्जिन सोडतो बेटा, तुम्ही काय सोडता? मी म्हटलं, सायन्समध्ये मार्जिन नसतं.

मी स्वतः उतरून बघितलं. एक टप्पा, आठ सेकंद.

दुपारी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेचं पुस्तक उघडलं. घड्याळ पुढं सरकवायची ओळ आहे, तिच्या शेवटी ‘स्टेप’ असा शब्द आणि पुढं आकडा टाकायचा. मी चकितच झालो. जिन्याचा प्रोग्रॅम लिहायला बसलो आणि त्या लोकांनी स्टेपची सोय आधीच करून ठेवलेली! आपल्या टप्प्याला पायऱ्या दहा. टाकलं स्टेप दहा. नियम सोपा ठेवला: पायऱ्यांवर कोणी दिसलं तर मागच्यानं थांबायचं, जिना रिकामा दिसला तर सुटायचं.

पहिल्याच झटक्याला चाललं. मी कोर्स अर्ध्यावर सोडला ते बरोबरच होतं.

३ मार्च

तीनशेवीस पोरं, दोन मजले, शेवटचं पोरगं बाहेर: चाळीस सेकंद.

सर खुर्चीतून उठले. म्हणाले, पुन्हा कर. पुन्हा चाळीस. मी स्वतःहून कडक परीक्षा घेतली. सहाशे पोरं टाकली. चाळीस. पाच हजार टाकली. चाळीस. अर्धं लातूर आमच्या बिल्डिंगमध्ये कोंबलं तरी चाळीस सेकंदांत रस्त्यावर. याला म्हणतात पक्का प्रोग्रॅम. भरमसाट आकडा टाकला तरी हलत नाही.

सर म्हणाले, याचा अर्थ बॅच वाढवायला हरकत नाही. मी म्हटलं, कॉम्प्युटरची तरी हरकत नाही.

८ मार्च

ईदचं उरलेलं गोड खात खात चाचीसमोर रिपोर्ट वाचला. चाचीची एक दुआ आहे. त्र्याण्णवच्या रात्री ती पुरी व्हायच्या आत सगळं होऊन गेलं होतं. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं आणि मी वाचतोय तोवर डोळे मिटून ती दुआ म्हटली. चाचांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. बेचाळीस सेकंद.

चाचींनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, कागदावर सही आहे का कोणाची? मी म्हटलं, माझी. त्या म्हणाल्या, तुझी सोडून.

जेबानं मागाहून अंगणात विचारलं, रेवणभाई, कॉम्प्युटरमधे मी कुठं असते? मी दाखवलं. दहा सेकंदाला तू मधल्या वळणावर, वीस सेकंदाला पहिल्या मजल्यावर. ती म्हणाली, आणि पंधरा सेकंदाला? मी म्हटलं, पंधरा नसतो. ती म्हणाली, नसतो म्हणजे? मी म्हटलं, दहा झाले की वीसच होतात. ती म्हणाली, मग मी पायऱ्यांवर कधी असते?

पोरगी हुशार आहे पण शंकेखोर. डॉक्टरला शंका बरी नाही.

तरी सांगून ठेवलं, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात माझा मामेभाऊ महादेवप्पा आहे, त्याची सही आणतो. ती हसली. म्हणाली, सही आली की अम्मी हो म्हणेल. लवकर जा पण. तुम्ही चहाला जाता तरी सोमवारचे गुरुवारी येता.

१४ मार्च, नांदेड

काल सकाळी उतरलो. स्टँडवर जुना दोस्त शहेबाज भेटला. त्यानं लग्नाच्या सीझनमधे वाजवायला कॅसिओ घेतलाय. बोटं माझी मुळात लांब आहेत. दोन दिवसांत एक पूर्ण चाल बसली. शहेबाज म्हणाला, तुझ्या हातात कला आहे, कॉम्प्युटरमधे काय घुसला. विचार करण्यासारखं आहे.

विष्णुपुरी उद्या. सिटी बस दर तासाला आहे.

१७ मार्च, विष्णुपुरी

महादेवप्पाला हॉस्टेलवर गाठलं. त्यानं माझा तीन आठवड्यांचा प्रोग्रॅम जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या वाचला. मग हसत सुटला. रांगेतल्या पोरांना बोलावून दाखवला. म्हणाला, येड्या, स्टेप म्हंजे पायरी न्हाई. घड्याळ किती उडी मारून पुढं जातं, ते.

मी म्हटलं, तेच ते.

तो म्हणाला, तेच कसं? तुझं घड्याळ दर दहा सेकंदाला एकदा डोळे उघडतंय. जिना उतरायला लागतात आठ. त्यानं डोळे उघडले की पोरं वळणावर, मिटले की पायऱ्यांवर. त्याला जिना कायम रिकामाच दिसनार. रिकामा दिसला की तू म्हणतोस, सोडा पुढचे. सगळेच सोडा. म्हणून पाच हजारला बी चाळीस. तुझ्या प्रोग्रॅमात जिन्यावर कधी कोणी पाय ठेवलाच न्हाई रे.

मग वांग्याची भाजी आली. तो म्हणाला, एक सेकंदानं चालव आणि मग ये सही मागायला.

इंजिनिअर लोकांचा एक प्रॉब्लेम असतो, दुसऱ्यानं आधी केलं की त्यांना बघवत नाही. पण मी मोठ्या मनानं ऐकून घेतलं. लातूरला जाऊन पहिलं काम हेच.

२१ मार्च, लातूर, दुपारी

केलं. दहाच्या जागी एक.

पडद्यावर ठिपके निघाले. आठव्या-नवव्या सेकंदापर्यंत छान. मग पहिल्या मजल्याच्या वळणावर वरून उतरलेले ठिपके आणि त्या मजल्यावरचे ठिपके समोरासमोर आले आणि थांबले. मागचे थांबले नाहीत. वळणावर सहा जण मावतात असं चाचांच्या मापावरून मीच लिहिलं होतं. तिथं बावीस झाले, मग तीस, मग एकेचाळीस. एकेका जागी तीन-तीन ठिपके एकावर एक. शेवटचा ठिपका रस्त्यावर आला तेव्हा तीनशेछत्तीस सेकंद झाले होते. पाच मिनिटं छत्तीस.

बंद करून पुन्हा चालवला. तेच. खुर्ची बदलून बसलो. तेच.

बाहेर येऊन चहा घेतला.

२२ मार्च

शांतपणे विचार केला. माझ्या मते कॉम्प्युटर जुना आहे. एवढं बारीक काम त्याच्या ताकदीबाहेर. दुसरं म्हणजे व्हायरस. सरांच्या पोराने परवाच त्यात गेम टाकला. तिसरं, ठिपक्यांना अक्कल नसते, पोरांना असते. पोरं एकमेकांना वाट देतात. आणि एवढं बारीक बघायला गेलं तर जगात कुठलीच गोष्ट चालताना दिसणार नाही. रस्त्यानं जाणारी बैलगाडीसुद्धा सेकंद सेकंद बघितली तर उभीच आहे.

दहा योग्य होतं. पायऱ्या दहाच आहेत, हे तर कोणी नाकारत नाही.

दोन्हींची सरासरी काढावी असंही मनात आलं. पण ती तीन मिनिटांच्या वर जाते, आणि चाचीची दुआ बेचाळीस सेकंदांची.

पुन्हा दहा टाकलं. चाळीस. बरं वाटलं.

सरांना हे तपशील सांगावेत का? सांगीन. आता ॲडमिशनची गर्दी आहे.

२४ मार्च

जेबानं विचारलं, सही? मी म्हटलं, महादेवप्पानं पूर्ण वाचला. (खरं आहे.) सगळ्या हॉस्टेलनं बघितला. (खरं आहे.) ती म्हणाली, काय म्हणाले? मी म्हटलं, तुझाच मुद्दा काढला त्यानं, मी तो तपासला.

तिनं एक सुचवलं. एक दिवस घंटा द्या, सगळ्यांना खरोखर खाली पळवा आणि घड्याळ लावा. दहा मिनिटांचं काम. मी सरांकडं गेलो. सर म्हणाले, पालकांनी रस्त्यावर पळणारी पोरं बघितली तर ॲडमिशन होतील का? आणि खरोखर पळवायचं असतं तर तुझा कॉम्प्युटर कशाला लागला असता?

बिनतोड माणूस.

२९ मार्च

झाली! जेबाची ॲडमिशन झाली. चाची स्वतः क्लासपर्यंत गेल्या, पण वर चढल्या नाहीत. खाली रस्त्यावर उभं राहून दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या मोजत होत्या. भिंतीवर माझा रिपोर्ट मोठा करून लावलाय: कॉम्प्युटरने सिद्ध, फक्त ४० सेकंद. खाली माझं पूर्ण नाव. चाचींना वाचता येत नाही. त्यांनी जेबाकडून माझ्या नावावर बोट ठेवून घेतलं आणि मला म्हणाल्या, तू म्हणतोस म्हणून.

आप्पांना पत्र लिहिण्यासारखा दिवस. उद्या लिहितो.

२३ एप्रिल

ऊन वाढलंय. नळाला आठ दिवसांनी पाणी.

सरांनी दुसऱ्या मजल्यावरची पार्टिशन काढून हॉल मोठा केला. आता चारशेऐंशी पोरं. मुली पुढं, फळ्याजवळ. मुलं मागं, दाराजवळ. जेबा पहिल्या रांगेत, म्हणजे दारापासून सगळ्यात लांब. ती म्हणाली, रेवणभाई, क्लास सुटल्यावर खाली यायलाच आम्हाला आठ-नऊ मिनिटं लागतात, आणि तेव्हा कोणी पळत नसतं. मी म्हटलं, घाई नसते म्हणून वेळ लागतो. घाई असली की लवकर होईल.

ती मग म्हणाली, अम्मीला नका सांगू. काढून घेईल. तुम्ही सरांना सांगा.

तिचं बरोबर असू शकतं. शंभर टक्के नाही, पण असू शकतं. सोमवारी सरांशी बोलायचं. नक्की. इथं लिहून ठेवतो म्हणजे विसरणार नाही: सोमवार.

३० एप्रिल, सोमवार

सर औसा रोडला प्लॉट बघायला गेले. भेट नाही.

७ मे, सोमवार

सर भेटले. सफारी छान बसलीय असं मी म्हणालो. ते खुशीत होते, म्हणून विषय काढला नाही. माणूस खुशीत असताना काढलेला विषय नीट जात नाही.

शहेबाजचा निरोप: उदगीरला लग्न आहे, कॅसिओला माणूस हवा. तीन दिवस.

१४ मे, सोमवार

उदगीरला. तीन दिवसांचे पाच झाले. जेवण चांगलं.

१७ मे, गुरुवार

सकाळी लातूर स्टँडवर उतरलो तेव्हा माणसं पळत होती. रिक्षावाला म्हणाला, अचूकमधे भूकंप झाला. मी म्हटलं, फक्त अचूकमधे कसा होईल. तो म्हणाला, बसता का उतरता.

भूकंप झालेला नाही. शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली होती. पाण्यासाठी सगळं गाव भोकं पाडून राहिलं. मशीन सुरू झालं, फरशी गुणगुणली, बेंच थरथरले. कोणीतरी ओरडलं. ही सगळी पोरं त्र्याण्णवला आठ-नऊ वर्षांची होती. कोणी खिडकीतून बघितलं नाही. लातूरचं पोरगं फरशी हलल्यावर खिडकीतून बघत नाही.

मशीनवाल्यानं आरडाओरडा ऐकून पहिल्या मिनिटातच मशीन बंद केलं होतं. त्यानंतर फरशी हलत नव्हती. पोरं उतरतच होती.

वळणावर झालं.

१९ मे

दोन मुली गेल्या. जेबा त्यांच्या खाली होती. कमरेचं हाड, तीन बरगड्या. ती आहे.

चाचा दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेत. मला बघून सरकून जागा दिली. मी समजावून सांगू लागलो, की बोअरची गाडी हे आपल्या प्रोग्रॅममध्ये नव्हतंच, आपला प्रोग्रॅम भूकंपासाठी होता. चाचा म्हणाले, रेवण, चुप बैठ बेटा.

बसलो.

२४ मे

पोलिसांनी बोलावलं. सरांनी सांगितलं की कॉम्प्युटर चाळीस सेकंद म्हणत होता म्हणून पोरं वाढवली, आम्ही फिजिक्सवाले, आम्हाला त्यातलं काय कळतं. जमादारानं मला विचारलं, हे स्टेप दहा काय आहे? मी सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यानं लिहिलं, ‘पायऱ्या दहा’. म्हणाला, पंचनाम्यात पण दहाच आल्यात, बरोबर आहे. जा.

दुरुस्त करायला हवं होतं. पण लिहून झालं होतं, आणि खाडाखोड केली की पुन्हा सह्या लागतात.

भिंतीवरचा माझा कागद कोणीतरी काढून नेला आहे. माझ्या नावाचा तुकडा तेवढा चिकटून राहिलाय.

१ जून

नांदेडला कायमचं जावं असं ठरवलं. मग ठरवलं, आधी जेबाला भेटून जावं. मग ठरवलं, तिला आराम हवा, न भेटता जावं. सामान बांधलं. सोडलं.

१० जून, रविवार

आज गेलो. चाची जेबाच्या पायाशी बसल्या होत्या. दवाखान्यालाही स्लॅब आहे, त्या आत बसतात. मी बोलायचं ठरवून गेलो होतो. चार वाक्यं पाठ केली होती. जुना कॉम्प्युटर, व्हायरस, बोअर, आणि सरांचा प्लॉट.

जेबाला कुशीवर वळता येत नाही. छताकडं बघत म्हणाली, रेवणभाई, तुम्ही माझा मुद्दा तपासला म्हणाला होता. किती आलं होतं?

मी म्हटलं, पाच मिनिटं छत्तीस सेकंद. आणि वळणावर एकेचाळीस जण.

ती म्हणाली, कोणत्या तारखेला?

तारीख मला पाठ नव्हती असं म्हणता आलं असतं. रोजनिशी पिशवीत होती. काढून बघितली. म्हटलं, एकवीस मार्च.

तिनं ओठ हलवले. मला वाटलं दुआ म्हणते आहे. मोजत होती.

म्हणाली, माझी ॲडमिशन एकोणतीसला झाली.

चाचींनी विचारलं, काय म्हणून राहिली ती? मी म्हटलं, काही नाही, तारीख विचारते. चाची म्हणाल्या, मग सांग की तिला.

म्हटलं, सांगितली.